जायंट्सचा क्वार्टरबॅक : स्टॅफर्डसाठी पिक मोजायचे, की ड्राफ्टमधून पोरगा उचलायचा?

पारसिपनीकर | २३ फेब्रुवारी २०२५, रात्री ९:१०

सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगचा अंतिम सामना) होऊन दोन आठवडे झाले. ईगल्सनी चीफ्सना ४०-२२ असे चोपले, आणि आपण न्यूयॉर्क जायंट्सनी ज्याला करार संपल्यावर जाऊ दिले तो सेक्वॉन बार्कली हंगामात २००५ यार्ड पळून वर विजेत्याची अंगठीही घेऊन गेला. त्यावर वेगळा धागा आहे, तिथे पुरेशी रडारड झाली आहे. इथे नको.

इथे विषय एकच. आपल्याकडे क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, नाही. वाईट आहे असे नव्हे, नाहीच. डॅनिएल जोन्सला नोव्हेंबरात बाकावर बसवला आणि त्याच आठवड्यात सोडलाही. २०१९ ला सहाव्या क्रमांकावर घेतलेला पोरगा, २०२३ च्या मार्चात चार वर्षांचा १६० दशलक्ष डॉलरचा करार, आणि शेवट हा. उरलेला हंगाम डेव्हिटो आणि लॉक यांनी आळीपाळीने रेटला. ३-१४, म्हणजे तीन विजय आणि चौदा पराभव.

आता बातमी अशी की रॅम्सनी मॅथ्यू स्टॅफर्डला दुसऱ्या संघांशी बोलायची मोकळीक दिली आहे, आणि बोलणाऱ्यांत आपण आणि रेडर्स पुढे आहेत. वर्षाला ५० दशलक्षांच्या घरातला आकडा कानावर येतोय. शिवाय रॅम्सना पिक, म्हणजे ड्राफ्टमधली आपली पाळी, द्यावे लागेल ते वेगळेच.

दुसरा रस्ता ड्राफ्टचा. आपला नंबर तिसरा. आधी टायटन्स, मग ब्राऊन्स, आणि दोघांनाही क्वार्टरबॅक हवा आहे. यंदा बरे म्हणावेत असे दोनच: मायामीचा कॅम वॉर्ड आणि कोलोरॅडोचा शेड्यूर सँडर्स. म्हणजे आपल्या हाती काय लागेल ते पुढचे दोघे ठरवणार.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. स्टॅफर्ड नको. माणूस मोठा आहे, पण या ७ तारखेला सदतीस पूर्ण झाला. आपला संघ सुपर बोलपासून एका खेळाडूच्या अंतरावर नाही. किमान सहा जणांच्या अंतरावर आहे, आणि त्यातले तीन ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅकला राखणाऱ्या भिंतीत. बोला.


जुना_जायंट | २३ फेब्रुवारी २०२५, रात्री ९:४८

पारसिपनीकर, एक मुद्दा राहिला. आपला नंबर तिसरा का? २९ डिसेंबरला कोल्ट्सविरुद्ध ४५-३३ जिंकलो म्हणून. तोवर २-१३ होतो आणि पहिला नंबर खिशात होता. अख्ख्या हंगामात घरच्या मैदानावर एक सामना जिंकला, तोही नेमका तो. ड्रू लॉकने चार टचडाउन फेकले आणि पाचवा स्वतः पळून केला. मी मेटलाइफ स्टेडियमवर होतो. माझ्या आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवत होते आणि एकमेकांकडे चोरासारखे बघत होते.

तर आता वॉर्ड आपल्याला मिळेल हे विसरा. टायटन्स तो सोडणार नाहीत.


भोचक_भवानी | २३ फेब्रुवारी २०२५, रात्री १०:०५

मी या बाबतीत अगदीच ढ आहे. नवऱ्यामुळे रविवार वाया जातात इतकाच माझा संबंध. पण एक सांगा, हा ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव ना? मग पैसे टाका आणि हवा तो घ्या की!


आकडेमोड | २३ फेब्रुवारी २०२५, रात्री १०:३१

भवानीताई, लिलावात ज्याच्या खिशात पैसे तो बोली लावतो. इथे पैशाचा खेळच नाही, रांगेचा आहे. बत्तीस संघ, सात फेऱ्या, गेल्या हंगामात सगळ्यात तळाला जो संघ त्याचा नंबर पहिला. कॉलेजातून येणारी पोरे एकेक करून उचलायची. पोराला आवडनिवड नाही, जिथे नाव पुकारले तिथे जायचे. रांगेतली जागा मात्र विकता येते, अगदी पुढच्या वर्षीचीसुद्धा. हे जे 'पहिल्या फेरीचे दोन पिक दिले' वगैरे ऐकता ते म्हणजे रांगेतल्या जागा.

आणि खरी मेख पगारात आहे. ड्राफ्टमधल्या पोराचा पगार त्याच्या क्रमांकावरून ठरतो. गेल्या वर्षी पहिला आलेल्या केलेब विल्यम्सचा करार चार वर्षांचा मिळून साधारण ३९.५ दशलक्ष. स्टॅफर्ड एका वर्षात त्याहून जास्त मागतोय. सगळ्या संघांना पगाराची कमाल मर्यादा सारखीच, म्हणजे क्वार्टरबॅकवर वाचलेले पैसे बाकी बावन्न जणांवर लागतात. पोरगा चांगला निघाला तर चार-पाच वर्षे सुगी असते.

निघाला तर.


भोचक_भवानी | २३ फेब्रुवारी २०२५, रात्री १०:४४

कळले. म्हणजे नवऱ्याला जेवढे कळते त्यापेक्षा जास्त कळले. पॉपकॉर्न घेऊन बसते.


लायन्सची_लेक | २४ फेब्रुवारी २०२५, सकाळी ७:२०

मिशिगनहून लिहितेय, त्यामुळे स्टॅफर्डबद्दल बोलायचा माझा हक्क या धाग्यावरच्या सगळ्यांपेक्षा मोठा. २००९ ला तो पहिल्या क्रमांकावर आमच्याकडे आला आणि बारा हंगाम राहिला. त्या बारा वर्षांत प्लेऑफचे (बाद फेरीचे) तीन सामने, तिन्ही हरलो. दोष त्याचा नव्हता. बोट मोडलेले, पाठ गेलेली, तरी माणूस उभा. लॉस एंजेलिसला गेला आणि पहिल्याच हंगामात सुपर बोल. आमच्या इथे लोकांनी तो सामना स्वतःच्या घरचे लग्न असल्यासारखा पाहिला.

पण पारसिपनीकर, त्या व्यवहाराची दुसरी बाजू बघा. रॅम्सनी आम्हाला जॅरेड गॉफ दिला, पहिल्या फेरीचे दोन पिक आणि तिसऱ्या फेरीचा एक. गॉफला सगळ्यांनी हसून घेतले होते. त्याच गॉफने गेल्या हंगामात १५-२ करून दाखवले. आणि त्या पिकांची पुढे जी उलाढाल झाली त्यातून जेमसन विल्यम्स, जमीर गिब्स आणि सॅम लापोर्टा आले. म्हणजे 'ट्रेड करून फसले कोण' याचे उत्तर तिथे 'कोणीच नाही' असे आहे.

फरक एवढाच की रॅम्सकडे तेव्हा आरन डोनाल्ड होता, कूपर कप होता, बचाव तगडा होता. हुकमाचा पत्ता नव्हता तो त्यांनी आणला. तुमच्याकडे मलिक नेबर्स आहे, डेक्स्टर लॉरेन्स आहे, अँड्र्यू थॉमस आहे (तो उभा असला तर). बाकी?


रडका_ब्राऊन | २४ फेब्रुवारी २०२५, सकाळी ८:०२

क्लीव्हलँडहून सप्रेम नमस्कार.

तुम्ही ट्रेडवर चर्चा करताय, आम्ही ट्रेड जगतोय. २०२२ चा मार्च. डेशॉन वॉटसनसाठी पहिल्या फेरीचे तीन पिक, आणि वर २३० दशलक्षांचा करार, पैन्‌पै हमीचा. मैदानाबाहेरच्या प्रकरणात मी शिरत नाही, केवळ खेळापुरते बोलतो: निलंबन, खांदा, मग टाच. त्यासाठी बेकर मेफिल्डला घालवला. तो आता टॅम्पामध्ये मजेत प्लेऑफ खेळतो.

त्याच महिन्यात डेन्व्हरने रसेल विल्सनसाठी पहिल्या फेरीचे दोन, दुसऱ्या फेरीचे दोन आणि तीन खेळाडू दिले. त्या तिघांत एक तुमचा लाडका ड्रू लॉक. दोन वर्षांनी विल्सनला सोडला तेव्हा ८५ दशलक्ष त्यांच्या हिशेबात नुसते बसून राहिले.

आणि जेट्सचा आरन रॉजर्स? चार स्नॅप (म्हणजे चार चाली) आणि पोटरीखालचा स्नायुबंध गेला. तुमच्याच स्टेडियममध्ये. ते मैदान बघितले की मला तुमची काळजी वाटते.


घुबड_हिंजवडी | २४ फेब्रुवारी २०२५, संध्याकाळी ६:५५ (पुण्याची)

रडक्या, ड्राफ्टवाल्यांची पापेही वाच की. २०२१ चा ड्राफ्ट आठव. पहिल्या पंधरा नंबरांत पाच क्वार्टरबॅक: लॉरेन्स, झॅक विल्सन, ट्रे लान्स, फील्ड्स, मॅक जोन्स. तीन वर्षांत लॉरेन्स सोडून चौघेही दुसऱ्या संघात. लान्ससाठी फोर्टी-नाइनर्सनी पहिल्या फेरीचे तीन पिक ओतले आणि पुढच्याच वर्षी २६२ व्या, म्हणजे सगळ्यात शेवटच्या नंबरावर घेतलेला ब्रॉक पर्डी त्यांना सुपर बोलला घेऊन गेला.

यातून मला एवढेच दिसते की कोणालाही काही कळत नाही. मी सपोर्टच्या नाइट शिफ्टमध्ये हे सामने बघतो, दुसऱ्या स्क्रीनवर. माझा मॅनेजर ब्रिटिश आहे, त्याला वाटते मी लॉग बघतोय.


आकडेमोड | २४ फेब्रुवारी २०२५, सकाळी १०:१५

मी शार्लटला राहतो, त्यामुळे माझीही जखम दाखवतो. २०२३ ला पँथर्सनी पहिल्या नंबरावर जाण्यासाठी शिकागोला काय दिले? नववा आणि एकसष्टावा पिक, २०२४ चा पहिल्या फेरीचा, २०२५ चा दुसऱ्या फेरीचा, आणि डीजे मूर हा आमचा एकमेव धड रिसीव्हर (पास झेलणारा). घेतला ब्राइस यंग. मग तो चेंडू टाकणार कोणाला? ज्याच्यासाठी रिसीव्हर हवा त्याच्याचसाठी रिसीव्हर विकला. आम्ही २-१५ झालो, त्यामुळे शिकागोला दिलेला २०२४ चा पिक पहिल्या नंबराचा ठरला, आणि त्यात त्यांनी केलेब विल्यम्स घेतला. दुसऱ्या नंबरावरचा सीजे स्ट्राउड ह्यूस्टनमध्ये पहिल्याच वर्षी प्लेऑफ जिंकला.

म्हणून 'ट्रेड की ड्राफ्ट' यात अडकू नका. दोन्ही बाजूंच्या फसलेल्या गोष्टींत एक गोष्ट सारखी आहे. क्वार्टरबॅक आणण्याच्या नादात त्याला उभे राहायला लागणारी जागाच विकली गेली.


पारसिपनीकर | २४ फेब्रुवारी २०२५, रात्री ८:३०

आकडेमोड +१. २०२३ मध्ये आपल्या लाइनने ८५ सॅक दिले, म्हणजे तितक्या वेळा क्वार्टरबॅक चेंडू हातात असतानाच आपटला गेला. लीगच्या इतिहासात याहून वाईट एकच संघ झाला. सिएटलविरुद्धच्या त्या सोमवारी जोन्स एकटा दहा वेळा आपटला गेला. त्यानंतर तो पॉकेटमध्ये (लाइनच्या आडोशाला) उभा राहून वर बघायचाच नाही, येणाऱ्या पायांकडे बघायचा. हे त्याचे समर्थन नाही, पण तो असा जन्मला नव्हता. २०२२ ला याच पोराने मिनेसोटात जाऊन प्लेऑफ जिंकून दिला होता.

आता माझ्या पोटातले बोलतो. मला स्टॅफर्डची किंवा सँडर्सची भीती नाही. निर्णय घेणाऱ्यांच्या घड्याळाची आहे. मालक मारांनी जानेवारीत जीएम (जनरल मॅनेजर) जो शोन आणि कोच डेबॉल या दोघांना आणखी एक संधी दिली, पण सहनशक्ती संपत आली हेही स्पष्ट केले. म्हणजे हे दोघे एका वर्षाच्या उसन्या वेळेवर आहेत आणि त्यांनी निवडायचा आहे तो पाच-सात वर्षांचा माणूस. ज्याची नोकरी डिसेंबरात जाऊ शकते तो २०२८ चा पिक जपेल कशाला? सदतीस वर्षांचा स्टॅफर्ड त्याला सोन्यासारखाच दिसणार. आठ-नऊ सामने जिंकले की नोकरी वाचली. भविष्यातले पिक गेले ते पुढच्या जीएमचे गेले.


जुना_जायंट | २४ फेब्रुवारी २०२५, रात्री ९:०५

उलटही म्हणता येईल. नवा पोरगा घेतला की 'त्याला वेळ द्या' म्हणत आणखी दोन वर्षे मागता येतात. नोकरी वाचवायची तर रुकीसारखी ढाल नाही.

आता जरा इतिहास. मी एटीजपासून या संघाचा, सिम्सच्या काळातला. आपले सुपर बोल चार. पहिला फिल सिम्सचा, १९७९ ला सातव्या नंबरावर घेतला तेव्हा त्याच्या कॉलेजचे नाव कोणी ऐकले नव्हते आणि लोकांनी हुर्यो केली होती. १९८७ च्या जानेवारीत त्याने पंचवीसपैकी बावीस पास पूर्ण केले. दुसरा जेफ हॉस्टेटलरने, सिम्स जायबंदी झाल्यावर. तोही आपणच तिसऱ्या फेरीत घेतलेला. उरलेले दोन इलाय मॅनिंगचे.

ट्रेडने आणलेले? वाय. ए. टिटल, १९६१ ला सॅन फ्रान्सिस्कोहून. लागोपाठ तीन वर्षे अंतिम सामना आणि तिन्ही हरला. फ्रॅन टार्केंटन १९६७ ला आला, एकदाही प्लेऑफ नाही. तो परत मिनेसोटाला गेला आणि तिथे सुपर बोल खेळला. आपल्या घराला ट्रेडचा क्वार्टरबॅक लाभत नाही. अंधश्रद्धा म्हणा हवे तर.


लायन्सची_लेक | २४ फेब्रुवारी २०२५, रात्री ९:२२

काका, इलाय तर ट्रेडनेच आला ना! २००४ ला त्याला पहिल्या नंबरावर घेतला चार्जर्सनी.


जुना_जायंट | २४ फेब्रुवारी २०२५, रात्री ९:४०

पोरी, तो ड्राफ्टच्या दिवशीचा सौदा. रुकीच होता तो. मॅनिंग घराण्याने आधीच कळवले होते की सॅन डिएगोला खेळणार नाही. चार्जर्सनी तरी घेतला, आपण चौथ्या नंबरावर फिलिप रिव्हर्स घेतला आणि अदलाबदल केली. वर त्या वर्षीचा तिसऱ्या फेरीचा, पुढच्या वर्षीचा पहिल्या आणि पाचव्या फेरीचा पिक दिला. स्वस्त नव्हते ते.

आणि पुढचे कोणी सांगत नाही. त्या वर्षी पहिले नऊ सामने इलाय बाकावर बसून होता. खेळत होता कर्ट वॉर्नर, तेहतीस वर्षांचा, सुपर बोल जिंकलेला. ५-४ असताना वॉर्नरला बसवून इलायला उतरवला. इलायने सातपैकी एक जिंकला. कोच टॉम कफलिनला लोकांनी काय काय म्हटले ते या संस्थळावर लिहिता येणार नाही. पुढच्या वर्षी ११-५. तीन वर्षांनी अठरा सामने न हरलेल्या पेट्रियट्सना १७-१४.

त्यामुळे माझे मत: अनुभवी माणूस स्वस्तात आणा, पोरगा ड्राफ्टमध्ये घ्या, आणि पोराला घाई करू नका. स्टॅफर्ड त्यात बसत नाही. पन्नास दशलक्षांचा माणूस शिकवणी घ्यायला येत नाही.


रडका_ब्राऊन | २५ फेब्रुवारी २०२५, सकाळी ७:४८

तिसरा पर्यायही आहे, कोणी बोलत नाही. सॅम डार्नोल्ड मोकळा होतोय. तुमच्या शेजारच्या जेट्सनी २०१८ ला तिसऱ्या नंबरावर घेतला, वाया घालवला, आणि गेल्या वर्षी मिनेसोटात १४-३. पिक द्यावे लागत नाहीत, फक्त पैसे. मेफिल्ड, डार्नोल्ड, जीनो स्मिथ, सगळी पहिल्या घरी बिघडलेली आणि दुसरीकडे सुधारलेली पोरे.


पारसिपनीकर | २५ फेब्रुवारी २०२५, सकाळी ८:१५

न्यूयॉर्कमध्ये डार्नोल्ड परत? इथले पेपरवाले त्याला आठवड्यात खातील.


घुबड_हिंजवडी | १ मार्च २०२५, सकाळी ९:३० (पुण्याची)

झाले. स्टॅफर्ड रॅम्सकडेच राहतोय, करार सुधारून घेतला. म्हणजे आपल्याशी बोलणे हे त्याच्या एजंटने भाव वाढवायला वापरले. धाग्याचे नाव बदला.


पारसिपनीकर | २८ फेब्रुवारी २०२५, रात्री ११:२०

सुटलो.

(घुबडाचा प्रतिसाद माझ्या आधी दिसतोय पण तारीख पुढची. संपादक, घड्याळाचे बघा हो.)


जुना_जायंट | २६ मार्च २०२५, सकाळी ९:००

आधी जेमिस विन्स्टन, काल रसेल विल्सन. दोघेही ट्रेड न करता, मोकळ्या बाजारातून. वॉर्नर आला, आता इलाय शोधा. जोन्स कोल्ट्सकडे गेला हेही वाचले. पोराचे भले होवो.


रडका_ब्राऊन | २६ मार्च २०२५, सकाळी ९:११

रसेल विल्सन! स्वागत आहे क्लबात.


आकडेमोड | २४ एप्रिल २०२५, रात्री ११:५५

ग्रीन बेहून ताजे. वॉर्ड टायटन्सना, ठरल्यासारखा. ब्राऊन्सनी दुसरा नंबर जॅक्सनव्हिलला विकला, त्यांनी ट्रॅव्हिस हंटर उचलला. आपण, म्हणजे तुम्ही, तिसऱ्यावर पेन स्टेटचा बचावपटू अब्दुल कार्टर. सँडर्सकडे पाहिलेच नाही. मग ह्यूस्टनला ३४ वा, ९९ वा आणि पुढच्या वर्षीचा तिसऱ्या फेरीचा पिक देऊन पंचविसाव्या नंबरावर उडी, आणि तिथे ओल मिसचा (मिसिसिपी विद्यापीठाचा) क्वार्टरबॅक जॅक्सन डार्ट.

किमतीचे बोलतो. पहिल्या फेरीत असल्याने पाचव्या वर्षीही पोराला ठेवून घ्यायचा हक्क राहतो, दुसऱ्या फेरीत तो नसतो. नऊ जागा वर सरकण्याचे खरे कारण ते. आणि २०२६ चा पहिल्या फेरीचा पिक हात न लावता शाबूत. पारसिपनीकर, तुमच्या घड्याळाच्या सिद्धांताचे काय?


पारसिपनीकर | २५ एप्रिल २०२५, रात्री १२:२५

सिद्धांत उभा आहे. तिसऱ्या फेरीचा पिक पुढच्या वर्षीचाच दिला ना? पण कबूल, मला वाटले होते त्यापेक्षा डोके शांत ठेवून केलेय. गेल्या वर्षी क्वार्टरबॅक ड्रेक मे हवा होता, पेट्रियट्सनी फोन ठेवला, तेव्हा दुसरा कोणी घेण्याऐवजी नेबर्स घेतला. यंदाही आधी उत्तम खेळाडू, मग क्वार्टरबॅक. डार्टबद्दल एवढेच माहीत आहे की दक्षिण कॅलिफोर्नियात होता, तिथे केलेब विल्यम्स आला म्हणून मिसिसिपीला गेला आणि तिथे तीन वर्षे खेळला.

 पळताना घसरायचे सोडून धडक मारतो. ते बघून पोटात गोळा येतो.


लायन्सची_लेक | २६ एप्रिल २०२५, रात्री ८:४०

सँडर्स पाचव्या फेरीत, १४४ वा! आणि घेतला कोणी? रडक्या, आहेस का?


रडका_ब्राऊन | २६ एप्रिल २०२५, रात्री ८:५२

आहे. आम्ही काल तिसऱ्या फेरीत डिलन गॅब्रिएल घेतला, आज हा. एका ड्राफ्टमध्ये दोन क्वार्टरबॅक. ट्रेड की ड्राफ्ट विचारत होता ना? आम्ही दोन्ही करून पाहतो, मग तुम्हाला कळवतो.


घुबड_हिंजवडी | १० ऑक्टोबर २०२५, सकाळी ९:१५ (पुण्याची)

धागा वर काढतोय!!! ३४-१७!!! ईगल्सना!!! विल्सनने तीन सामने हरल्यावर डार्टला उतरवला, पहिल्याच सामन्यात चार्जर्सना २१-१८, आणि आज हे. डार्ट आणि स्कॅटेबो, चौथ्या फेरीतला तो बैल. सकाळी पावणेसहाला सुरू झाला सामना, आईने चहा आणून दिला, तिला वाटले मी ऑफिसच्या कॉलवर ओरडतोय.


जुना_जायंट | १० ऑक्टोबर २०२५, सकाळी ७:५०

वॉर्नरला नऊ सामने मिळाले होते, विल्सनला तीन. घाई झाली असे मला अजूनही वाटते. पण काल रात्री मी उभा राहून नाचलो हेही खरे. गुडघ्याचे डॉक्टर वाचत नसावेत.


पारसिपनीकर | १० ऑक्टोबर २०२५, सकाळी ८:३०

एकच सल. चार्जर्सच्या सामन्यात नेबर्सचा गुडघा गेला. ज्याला चेंडू टाकायचा तोच हंगामभर नाही. आकडेमोडच्या पँथर्सची गोष्ट डोळ्यासमोर येते, इथे फक्त विकला नाही एवढेच.


घुबड_हिंजवडी | २० ऑक्टोबर २०२५, सकाळी ६:१० (पुण्याची)

तीन क्वार्टर संपले तेव्हा १९-०. शेवटच्या क्वार्टरमध्ये डेन्व्हरने ३३ गुण केले. तेहतीस. ३३-३२.

आज नरकचतुर्दशी. सामना संपला तेव्हा घरात उटणे कालवणे चालू होते. आई म्हणाली, आज लवकर उठलास. मी काही बोललो नाही.


आकडेमोड | २० ऑक्टोबर २०२५, सकाळी ८:०५

दिवाळीच्या शुभेच्छा घुबडा, सावर.

या सामन्याकडे धाग्याच्या नजरेने बघा. समोर बो निक्स, २०२४ चा बारावा पिक. त्याला कोणी आणले? ज्यांनी विल्सनसाठी एवढी किंमत मोजली त्याच डेन्व्हरने. विल्सनचे ८५ दशलक्ष त्यांनी दोन हंगामांत विभागून सोसले, आणि ते सोसता आले कारण निक्सचा पगार रुकीचा. आधी ट्रेडने बुडाले, मग ड्राफ्टने वर आले. आणि काल तो विल्सन तुमच्या बाकावर टोपी घालून हे सगळे बघत होता.


रडका_ब्राऊन | २० ऑक्टोबर २०२५, सकाळी ८:२०

पण डेन्व्हरची लाइन बघितली का? निक्सला हात लागत नाही कोणाचा. लाइन आमच्याकडे पाठवा, क्वार्टरबॅक कोणीही चालेल, मीसुद्धा.


पारसिपनीकर | २० ऑक्टोबर २०२५, सकाळी ९:००

हरलो त्यात डार्टचा वाटा आहे, चौथ्या क्वार्टरमधले ते इंटरसेप्शन (पास थेट विरोधकाच्या हाती) लहान मुलासारखे होते. पण त्यानेच शेवटी पुन्हा आघाडीही मिळवून दिली होती. ३३ गुण क्वार्टरबॅकने नाही दिले, बचावाने दिले. एक्स्ट्रा पॉइंट हुकले ते किकरने. मला पोरगा हवा आहे. कोच कोण हवा ते आता विचारा.


भोचक_भवानी | २० ऑक्टोबर २०२५, सकाळी ९:४०

आमच्याकडे काल रात्री रिमोट सोफ्याखाली सापडला. नवरा म्हणतोय कोच बदलायला हवा. कोचचाही ड्राफ्ट असतो का हो?


जुना_जायंट | २० ऑक्टोबर २०२५, सकाळी १०:०२

नसतो, भवानीताई. पण ट्रेड होतो. डेन्व्हरने शॉन पेटनला आणताना न्यू ऑर्लिन्सला पहिल्या फेरीचा पिक दिला होता. त्यावर नवा धागा काढा, हा दोनशेच्या पुढे गेला की माझ्या फोनवर उघडत नाही.